हत्ती पहिल्यांदा कुठं पडला

नवा गेम घेतल्याचं मालकानं स्वतः फोन करून सांगितलं असतं, तर मला कदाचित एवढं लागलं नसतं. कळलं ते ग्रुपवर टाकलेल्या फोटोतून. भिंतभर टीव्ही, त्यावर सोंड वर केलेला आमचा लोखंडी हत्ती, आणि खालच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेले मालकाचे दोन पाय. पायांची काही गरज नव्हती. पण फोटोत काय काय येऊ द्यायचं हे त्या माणसाला बरोबर कळतं.

मालक हे त्याचं नाव नाही. सोलापुरात पानटपरीवर उभ्या असलेल्या कुणालाही मालक म्हणतात, पण ह्याला शाळेपासून म्हणायचे ते खरोखरीचा मालक म्हणूनच. वडिलांचं कापडाचं मोठं दुकान, घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, आणि हा एकुलता एक. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णाच्या वर्गात होता. मी त्या दोघांपेक्षा चांगला चार-पाच वर्षांनी लहान, त्यामुळं माझा आणि मालकाचा संबंध आला तो एका कॅसेटपुरता.

त्या वेळी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आमच्याकडंही होता. भिवंडीच्या मामानं आणला होता. पण मशीन असून काय उपयोग, कॅसेट चांगली पाहिजे. आमच्याकडच्या कॅसेटवर शंभर गेम लिहिलेले आणि आत तेच सात-आठ पुन्हा पुन्हा. हत्तीची पिवळी कॅसेट एकट्या मालकाकडं होती. तिच्यावर जपानी की चिनी अक्षरं होती, त्यामुळं गेमचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला हत्तीचा गेम म्हणायचो. दोन लोहार, हातात घण, लोखंडी जनावरांनी भरलेला डोंगर चढत जायचं, आणि अगदी वर तो हत्ती. तो एकट्यानं पडत नसे. एकानं समोर उभं राहून त्याला अंगावर घ्यायचा आणि दुसऱ्यानं मागून घण घालायचा. म्हणून हा गेम दोघांचाच.

आमच्या घरात ते दोघं म्हणजे अण्णा आणि मी. पुढं उभा राहणारा अण्णा आणि मागून मारणारा मी. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी हत्ती पाडला. सोलापूरच्या अख्ख्या पूर्व भागात तो पहिल्यांदा कुणी पाडला असेल तर आम्ही, हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे. बायकोला लग्नाआधीच सांगितलं होतं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण मी सांगताना कसा दिसत होतो ते आठवून ती अजून हसते. माणसाकडं फुशारकी मारायला एवढीच एक गोष्ट असली की तो ती पुन्हा पुन्हा सांगतो, त्यात नवल काही नाही.

आता इतक्या वर्षांनी तोच गेम नव्यानं बनवून आला होता. जनावरांच्या अंगावरचा गंज दिसतो, लोहारांच्या कपाळावरचा घाम दिसतो, डोंगरावर खरं धुकं पडतं. ते मशीन आणि तो गेम घ्यायचा तर आमच्यासारख्यानं घरात आधी बायकोशी बोलावं लागतं. मी चादरी-टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. मालकानं बहुतेक दुकानातून उठून, घरी जाता जाता घेतला असेल.

आमच्या ग्रुपवर जुन्या गेमवाल्यांपैकी सहा-सातजण आहेत. फोटो पडला आणि भांडण पेटलं. बार्शीला कॉलेजात शिकवणारा एकजण आहे, त्याचं म्हणणं असं की जुन्या गेमला हात लावणंच चूक. पाहिजे तर नवा बनवा, पण तो आमचा म्हणून विकू नका. मोबाइल दुरुस्त करणारा एक मित्र आहे, त्याचं म्हणणं उलटं. आपल्या पोरांनी तो गेम कधी बघितलाच नसता, आता निदान बघतील. कुणी म्हणालं, आता पाहिजे तिथं गेम थांबवून ठेवता येतो, त्यामुळं मरायची भीतीच गेली. कुणी म्हणालं, मरून मरून आपली सुट्टी संपायची, ते फार बरं होतं का?

मी जुन्याच्या बाजूनं हिरिरीनं भांडत होतो. नव्या गेमचे रंग भडक, लोहारांचे चेहरे सिनेमातल्या हिरोसारखे, घणाचा घाव हलका, असं काय वाट्टेल ते लिहीत होतो. खरं सांगायचं तर मी नवा गेम खेळलो नव्हतो. मोबाइलवर दुसऱ्याच कुणीतरी खेळलेला बघितला होता. मालकाचे ते पाय फोटोत नसते, तर मला त्या लोहारांचे चेहरे आवडलेही असते. पण जळफळाट असा नुसता लिहिता येत नाही. त्याला मुद्द्यांचे कपडे घालावे लागतात, आणि त्या आठवड्यात माझ्याकडं मुद्द्यांची काही कमी नव्हती.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते हत्तीवरून. नव्या गेममध्ये तो एकट्यानंही पाडता येतो. दुसरा लोहार कॉम्प्युटर चालवतो. तुम्ही मागं गेलात की तो आपणहून पुढं उभा राहतो आणि हत्ती अंगावर घेतो.

मोबाइलवाल्यानं लिहिलं, "हत्ती अकेलेकू गिर रहा तो मजा काय का?" ह्या बाबतीत तोसुद्धा माझ्या बाजूला आला, म्हणून मला चेव चढला. मी लांबलचक लिहिलं की हा गेम दोन माणसांचा आहे, शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे, त्याचा खांदा आपल्या खांद्याला लागला पाहिजे, कॉम्प्युटरचा भाऊ काय कामाचा.

मालक तसं कमी लिहितो. त्यानं एवढंच लिहिलं, "ज्याला भाऊच न्हाई त्यानं काय करायचं की?"

मी लगेच लिहिलं, "दुसऱ्याचा आणायचा भाड्यानं."

ह्यावर त्यानं हसणारी चार-पाच तोंडं पाठवली. मला वाटलं, जिंकलो.

दुपारच्या सुमारास अण्णाचा आवाज आला. अण्णा पुण्यात एका कंपनीत सुपरवायझर आहे. ग्रुपवर असतो, पण सहसा बोलत नाही. त्यानं रेकॉर्ड करून पाठवलं होतं, "तुमचं सगळं वाचलालो बे. त्या हत्तीचं जाऊ द्या. हत्ती पडल्यावर जे वाजायचं ते बदललंय त्यांनी, त्याचं वाईट वाटलं मला. आधी कसं होतं..." आणि मग त्यानं ते गुणगुणून दाखवलं. संथ चाल होती, जरा उदास, शेवटी दोन सूर वर जाऊन थांबणारी. अण्णा बेसूर आहे, पण चाल पक्की होती. मालकानं त्यावर अंगठा टाकला आणि लिहिलं, "अगदी हेच."

मी ते तीनदा ऐकलं. मग उठून गॅलरीत गेलो.

ती चाल मला ठाऊक नव्हती. आमच्या घरात ती कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. खाली चार यंत्रमाग, वरच्या खोलीत आम्ही. माग चालू असले की जमिनीपासून पाण्याच्या हंड्यापर्यंत सगळं थरथरायचं, आणि त्या खडखडाटात टीव्हीचा आवाज तसाही कुणाच्या कानावर आला नसता. पण वडिलांचा नियम होता की माग चालू असताना टीव्हीचा आवाज पार बंद. कारण मागाकडं कान ठेवायचा असे. धागा तुटला किंवा कांडीवरचं सूत संपलं की त्या मागाचा ताल बदलतो, आणि मग कुणीतरी खाली पळायचं. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असत, तेव्हा टीव्ही वडिलांचा. म्हणजे आम्ही तो अख्खा डोंगर मुक्यानं चढलो होतो. मला तर कित्येक वर्षं वाटत होतं की त्या गेमला आवाजच नाही.

मग अण्णानं ती चाल ऐकली कुठं? आणि तीही हत्ती पडल्यानंतरची, जी हत्ती पाडल्याशिवाय ऐकू येत नाही?

उत्तर काही अवघड नव्हतं. अण्णा कॅसेट आणायला मालकाकडं जायचा. वडील सायकल द्यायचे, लवकर ये म्हणायचे, आणि त्याला वेळ लागायचा. मी दारात बसून असायचो. आल्यावर तो म्हणायचा, मालक घरी न्हवता, थांबावं लागलं. मला वाटायचं, मालकाचं घर फार लांब असेल.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच चिडलो. पन्नाशीकडं चाललेल्या माणसानं अशा गोष्टीवरून जेवणावर राग काढावा, हे मला शोभत नव्हतं हे कळत होतं, तरी मी काढला. मला सारखं एकच दिसत होतं. मालकाचं ते शांत घर, खाली माग नाहीत, पंखा फिरतोय, आणि माझ्या अण्णाच्या शेजारी माझ्या जागेवर बसलेला मालक, मागून घण घालतोय.

महिन्याभरात चुलत बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. त्यासाठी अण्णा आला. लग्न झालं, पंगती उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चल, मालकानं बोलावलंय. तो गेम तरी बघू." मी नको म्हणणार होतो. पण नको म्हटलं असतं, तर ते दोघं एकटेच बसले असते. म्हणून गेलो.

मालकाचा नवा बंगला होटगी रोडला आहे. बूट काढायला बाहेर वेगळी जागा आहे, आणि तिथं बसायला गादीचा बाक आहे. आमच्या घरात पाहुण्याला बसायला जेवढी जागा आहे, तेवढी त्याच्याकडं बुटांना आहे. मालकाकडच्या वहिनींनी शेंगाची पोळी आणि तूप आणलं. पोळी चांगली होती, ह्याचाही मला राग आला.

मालकानं गेम लावला आणि आधी हत्ती पडल्यानंतरचा साठवून ठेवलेला शेवट दाखवला. ती चाल वाजली नाही, दुसरीच काहीतरी मोठी सनई-चौघड्यासारखी वाजली. अण्णानं तोंड वाकडं केलं आणि मालक म्हणाला, "सांगितलं न्हवतं का? बिघडवलंय." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ज्यांनी एकत्र काहीतरी ऐकलेलं असतं, ते तसे बघतात.

मी विचारलं, "हत्ती पहिल्यांदा कुठं पडला?"

मालक तुपाचा हात पुसत होता. "आमच्याकडंच की. जुन्या घरात. का?"

"आपल्याकडं न्हाई?" मी अण्णाला विचारलं.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. त्याला माझा आवाज कळला असावा. म्हणाला, "ह्याच्याकडं आधी पडला. मग आपल्याकडं. चार-आठ दिवसांनी."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू लई खूश होतास बे."

मला तो दिवस आठवला. हत्ती गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला, आणि मी ओरडलो. तेवढ्यात खालच्या एका मागाचा ताल चुकला. अण्णा म्हणाला, तू बघ, मी आलोच, आणि जिन्यावरून खाली पळाला. शेवट मी एकट्यानं बघितला. दोन्ही लोहार डोंगर उतरून घरी येतात, घण दाराशी ठेवतात आणि जेवायला बसतात, एवढाच तो शेवट. रात्री अंथरुणावर मी त्याला तो पहिल्यापासून सांगितला. घर कसं होतं, ताटात काय होतं, कोण कुठं बसलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वर प्रश्नही विचारले. आधी जेवायला कोण बसला, मोठा का बारका, असं विचारलं होतं त्यानं, आणि मी सांगितलं होतं, बारका.

म्हणजे तेव्हा त्याला ते सगळं ठाऊक होतं.

"मग मला पण न्यायचं की," मी म्हणालो. हे वाक्य दहा वर्षांच्या पोरानं म्हणावं तसं आलं, आणि मालकानं नजर खाली घातली. तो चांगला माणूस आहे. त्यामुळंच त्याच्यावर नीट चिडताही येत नाही.

अण्णा म्हणाला, "दोघं आलो असतो तर मागाजवळ कोण? तू वर बसलास तर निदान हाक तरी मारशील वडलांना." मग हातातला कंट्रोलर फिरवत म्हणाला, "आणि तुला खरं सांगू का? घरी मी खेळायचो म्हणजे काय, एक कान सारखा खालीच. तू मार मार म्हणून ओरडायचास, आणि मी तिसऱ्या मागाचं ऐकत बसलेलो असायचो. ह्याच्याकडं जायचो ते नुसतं खेळायला. तिथं मला कुणी हाक मारत न्हवतं."

मालक म्हणाला, "ह्याला उठवावं लागायचं रे. माझी आई म्हणायची, त्याच्या घरी वाट बघत असतील, जाऊ दे त्याला."

वाट बघणारा मी होतो.

मी मनात जी भांडणं घेऊन आलो होतो, त्यातलं एकही आता चालण्यासारखं नव्हतं. अण्णाला काय म्हणणार? चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं घटकाभर कान बंद करून बसायला एक घर शोधलं, ह्यात त्याची चूक कुठं होती? वडलांना काय म्हणणार, ते आता नाहीत, आणि मागही विकून झाले. तरी जळणं काही थांबेना. उलट आता कुणावरच राग काढता येत नव्हता, म्हणून ते जास्तच झालं.

मालकानं मला दुसरा कंट्रोलर पुढं केला. "घे. तुम्ही दोघं भाऊ खेळा. मी बघतो."

अण्णानंही सरकून सोफ्यावर जागा केली. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडत होतो, ते समोर होतं. खांद्याला खांदा लावून बसायचं, अण्णानं पुढं उभं राहायचं, मी मागून मारायचं. मी हात पुढंही केला होता.

"नको," मी म्हणालो. "तुम्ही दोघं खेळा. मला बघायचंय."

"काय बघायचंय त्यात?" अण्णा हसला.

मी समोरच्या खुर्चीवर अशा बाजूनं बसलो की टीव्ही तिरका दिसावा आणि अण्णा सरळ दिसावा. ते खेळायला लागले. आधी बोटं चुकत होती, दोघं सारखे मरत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते. मग जमायला लागलं. अण्णानं पाय वर घेऊन मांडी घातली. त्याचे केस गेलेत, पोट सुटलंय, कंपनीत त्याच्या हाताखाली माणसं आहेत. आत कुकरची शिट्टी झाली. मालकाच्या सुनेनं कुणाला तरी हाक मारली. खाली फाटक वाजलं, गाडी आत आली, कुत्रं भुंकलं. मी दर आवाजाला अण्णाकडं बघत होतो. घरी असा आवाज झाला की त्याची मान जिन्याकडं वळायची, तोंडातला घास तसाच राहायचा. माझ्याशी बोलताना, अभ्यास घेताना, झोपेतसुद्धा.

आता त्यानं एकदाही मान वळवली नाही. तोंड जरा उघडं होतं, आणि तो मनातल्या मनात काहीतरी मोजत होता. हा अण्णा मी कधी बघितलाच नव्हता. मी त्याच्याबरोबर एका खोलीत वाढलो, एका अंथरुणावर झोपलो, आणि हा सगळाच्या सगळा मालकाला मिळाला होता.

"मार की," अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. मी खुर्चीत पुढं झालो. मग लक्षात आलं, तो मालकाला म्हणत होता.